नाजुकासाठी शंकरपाळी

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या दाराची बेल सारखी वाजायला लागली. दार उघडलं की समोर स्टीलचा डबा आणि डब्यामागे एखादी शेजारीण. घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी तळणाची कढई चढवायची नाही, फराळ इतरांनी आणून द्यायचा, ही आमच्याकडची रीत. माझी ताई चैत्रात गेली. त्यामुळे नरकचतुर्दशी उजाडायच्या आत माझ्या ओट्यावर चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू आणि शंकरपाळी यांची चळत लागली. शंकरपाळी तर जवळजवळ सगळ्यांनीच दिली. दुःखात चावायला ती बरी, असा काहीतरी समज असावा. डबा हातात देताना प्रत्येकीचा आवाज इतका खाली जायचा, की मलाच "काय म्हणालात?" असं विचारावं लागायचं.

मी नाशिकला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. लोकांना गप्प बसवणं हा माझा पेशा. ताई शाळेत पी.टी. शिकवायची. तिने शिट्टी कधी विकत घेतली नाही, कारण गरज पडली नाही. आम्ही दोघी एकाच घरात राहायचो आणि प्रत्येक सुट्टीत कुठेतरी जायचो. प्रवासाचा तिचा नियम एकच होता: "बघून आले म्हणायचं नाही, करून आले म्हणायचं." म्हणून वेंगुर्ल्याला तिने कोळ्यांबरोबर रापण, म्हणजे किनाऱ्यावर ओढून घ्यायचं मोठं जाळं, ओढली. येवल्याला ती मागावर बसली आणि इतके धागे तोडले, की विणकराने हात जोडले. अशा प्रत्येक वेळी मी जवळच्या पायरीवर दोघींच्या पिशव्या मांडीत घेऊन पुस्तक वाचत बसलेली असायचे. अनोळखी माणसांशी बोलणं हे ताईचं खातं. पिशव्या हे माझं.

गेल्या दिवाळीत तिने मोबाईलवर कोल्हापूरच्या पाडव्याचा एक व्हिडिओ पाहिला. एक माणूस मोटारसायकल भरधाव सोडतोय आणि त्याच्या मागे, ना दोर ना वेसण, एक नटवलेली म्हैस जिवाच्या आकांताने पळतेय. ताई हसून हसून सोफ्यावरून खाली घसरली. "पुढच्या पाडव्याला आपण तिथे," ती म्हणाली.

तो पाडवा आता आला होता. डब्यांकडे बघत मी मनाशी ठरवलं: कोल्हापूरला जायचं आणि ताईसारखं एक तरी काम करून यायचं. नुसतं बघून परत आले, तर प्रवास आपल्यासाठी संपला असं समजायचं. पिशव्या सांभाळायला घर पुरेसं आहे.

आमच्या ग्रंथालयातल्या शिपायाची सासुरवाडी कोल्हापूरच्या कडेला, कसबा बावड्यात. तिथल्या एका गवळ्याच्या घरी माडीवरची खोली मिळेल अशी त्याने सोय करून दिली. मी दोन कपडे, एक पुस्तक आणि शंकरपाळ्यांचे सगळे डबे घेऊन निघाले. डबे का घेतले, सांगता येत नाही. त्यांना घरी एकटं ठेवायला नको वाटलं असेल.

पुण्याहून पुढे बसमध्ये शेजारी एक कोल्हापूरकर गृहस्थ होते. साताऱ्यापर्यंत ते माझं पुस्तक संपायची वाट बघत होते. मग त्यांचा धीर सुटला.

"कोल्हापुरात कुणाकडं, पावणं?"

"कुणाकडे नाही. म्हशी बघायला चाललेय."

"घ्यायच्यात?"

"नाही. पळताना बघायच्यात."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला हाक मारली. "अरं ऐकलास का? लोक दिवाळीत देवाला जात्यात, ह्या बाई नाशकातनं म्हशीला चालल्यात. नाद खुळा." (नाद खुळा म्हणजे वेड लावणारा छंद. कोल्हापुरात ही शब्दांत मावेल एवढी सर्वांत मोठी शाबासकी आहे.) मग अख्खी बस म्हशींवर बोलायला लागली आणि कऱ्हाड कधी मागे पडलं ते कळलं नाही. उसाच्या फडांमधून रस्ता सरळ चालला होता, आणि मी मांडीवर पुस्तक मिटून बसले होते.

स्टँडवर उतरल्यावर मी एका बाकावर बसून पुन्हा पुस्तक उघडलं, तोच हिरव्या साडीतली एक बाई समोर येऊन उभी राहिली. "पुस्तकवाल्या बाई तुम्हीच न्हवं?"

"कसं ओळखलंत?"

"अख्खा स्टँड वरडतोय, आन तुम्ही एकट्याच वाचत बसलाय. मी शैला. चला, गाडी आणल्या मी. बसा, हळू चालवतो."

इथल्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी चालवतो' असं म्हणतात. ते ऐकून मला उगीचच अंगात बळ आल्यासारखं झालं. ते बळ गाडी बघेपर्यंत टिकलं. गाडी म्हणजे नवीकोरी चार्जिंगची स्कूटर होती, दसऱ्याचा झेंडूचा हार अजून हँडलला वाळत लटकलेला. ती निघाली तेव्हा निघाली हेच मला कळलं नाही. आवाज म्हणून नाही. दसरा चौकाच्या अलीकडे रस्ता ओलांडणारा एक माणूस थेट आमच्या चाकापुढे आला आणि दचकून मागे उडी मारून म्हणाला, "वैनी, भुतागत कशा येताय? हॉर्न तरी मारा की."

"हॉर्न हाय की," शैलावहिनी म्हणाल्या, "पर त्यानं चार्जिंग उतरतंय."

बावड्यात त्यांचं घर नव्या बिल्डिंगांच्या आणि उसाच्या मधे सापडलं होतं. पुढे गोठा, मागे दोन खोल्या, वर माझी माडी. घरात माणसं दोनच. मुलगी गडहिंग्लजला दिलेली, तिचे दिवस भरत आलेले, म्हणून या वर्षी ती येणार नव्हती. शैलावहिनींच्या नवऱ्याला सगळे बाळूअण्णा म्हणत. आधी त्यांचा आवाज आला आणि बऱ्याच वेळाने ते आले.

"या पावणं. जेवलासा का? न्हाय जेवला? मग हुबं का? बसा की."

त्यांनी मला घर दाखवायच्या आधी म्हैस दाखवली. तिचं नाव नाजुका. काळ्या कातळाला शिंगं फुटावीत तशी ती दिसत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पुस्तकाकडे पाहिलं, आणि दोन्ही सोडून वैरणीकडे तोंड फिरवलं.

संध्याकाळी तिची तालीम होती. मी ओट्यावर बसले, सवयीने पिशवी मांडीत घेऊन. इथली रीत अशी, की पाडव्याच्या दुपारी गवळी आपापल्या म्हशी नटवून रस्त्यावर आणतात. मालक मोटारसायकलची पुंगळी (धुराड्याच्या नळीतला आवाज दाबणारा भाग) काढून टाकतो, गाडी कानठळ्या बसतील अशी वाजवतो, आणि तो आवाज ओळखून त्याची म्हैस, फक्त त्याचीच, मागे पळते. चौकात पोचली की मालकापुढे पुढचे पाय उचलून उभी राहते. हे सगळं न बांधता, न ओढता. त्यातच मालकाची इज्जत.

बाळूअण्णांनी दसऱ्याला जुनी मोटारसायकल देऊन ही स्कूटर घेतली होती. शैलावहिनींचाच हट्ट. पहाटे दुधाचा रतीब घालायला त्या जात, आणि मोटारसायकल दुधापेक्षा जास्त पेट्रोल पीत होती. दुकानात दोघांनी बॅटरी बघितली, डिकी बघितली, रंगावर भांडण केलं, पेढे वाटले. पाडवा तीन आठवड्यांवर आहे हे त्या घरात कुणाला आठवलं नाही.

आता ते आठवलं होतं. वहिनींनी स्कूटर गल्लीच्या टोकापर्यंत नेली. नाजुका जागेवर उभी राहून रवंथ करत होती. तिच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं. अण्णांनी ओरडून हाक मारली. नाजुकाने एक कान हलवला. त्यांनी आणखी मोठ्याने हाक मारली, तेव्हा समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांमध्ये माणसं आली. म्हैस हलली नाही.

पलीकडच्या गल्लीतला तानाजी भिंतीला टेकून बघत होता. अंगाने पैलवान, आणि त्याची बिजली नावाची म्हैस गेल्या वर्षीपासून नाजुकाच्या वरचढ असल्याचं त्याचं म्हणणं. तो शांतपणे म्हणाला, "अण्णा, म्हशीला बी चार्जिंगला लावा की."

गॅलऱ्या हसल्या. मीही हसले, आणि दचकले. चैत्रानंतर माझा स्वतःचा हसण्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. पिशवी सावरल्यासारखं करून मी खाली बघितलं.

"दुसऱ्या कुणाची मोटारसायकल मिळणार नाही का?" रात्रीच्या जेवणाला मी विचारलं.

"मिळंल की," अण्णा म्हणाले. "पर दुसऱ्याच्या गाडीमागं पळाली तर म्हैस त्याची म्हणत्यात."

शैलावहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "न्हाय पळाली तर ह्यो माणूस वर्षभर मला सुखानं घास गिळू देणार न्हाय. आन गल्ली तर न्हाईच न्हाई. बायकोचं ऐकलं आन म्हैस बसली, हेच म्हणणार सगळी."

सकाळी मी चहाची कपबशी आणि मूठभर शंकरपाळी घेऊन गोठ्यात गेले. वहिनींचे दोन्ही हात धारेत गुंतले होते. "पावणं, तेवढी बारडी वाजवा की. तोंड हिकडं करंल ती." बारडी म्हणजे बादली. पेंडीच्या रिकाम्या बारडीवर पळी आपटायची, तो नाजुकाच्या खाण्याचा इशारा. मी पळी आपटली. ग्रंथालयात एखादं कपाट बंद करावं तितपत.

"अशानं म्हैस झोपंल," वहिनी म्हणाल्या.

मी जोरात आपटली. ठण्, ठण्, ठण्. नाजुकाने मान वळवली, बारडीत बघितलं, तिथे काही नाही हे बघून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेपुढे मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की हातातली शंकरपाळी मी बारडीत टाकली.

पुढे जे झालं त्याचं वर्णन करणं अवघड आहे. तिची जीभ बारडीत गेली, थांबली, आणि तिचे दोन्ही कान एकदम पुढे आले. मग तिने ती बारडी माझ्या हातातून काढून घेतली आणि गोठाभर फिरवली. रिकामी झाल्यावरही डोक्यातून काढायला तयार होईना.

"आता बया," वहिनी म्हणाल्या. "म्हशीनं दिवाळी केली. पर मूठभरच हं, जादा झालं तर पोट फुगंल."

संध्याकाळी पुन्हा बारडी मीच वाजवली. तेव्हा मात्र पहिल्या ठणक्यालाच नाजुकाने मान वळवली होती.

मधल्या वेळात मी शहर बघून आले. अंबाबाईच्या देवळात दर्शनाची रांग बाहेरच्या रस्त्यापर्यंत आली होती. शिखराला हात जोडून मी मिसळीच्या दुकानात गेले. तिथे माझी फजिती झाली. "तिखट कमी" असं मी सांगितल्यावर वाढणाऱ्याने काळजीने विचारलं, "बरं न्हाय व्हय?" मग "ताई, कट वाढू का?" असं म्हणाला, तेव्हा मी सवयीने बाजूला सरकले. कुणी ताई म्हणालं की उत्तर द्यायला ती पुढे यायची. क्षणभर मी आणि तो वाढपी, दोघंही वाट बघत राहिलो. मग मीच म्हणाले, "वाढा." कट म्हणजे वरचा लालभडक तर्रीचा रस्सा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून, आणि तिसऱ्यानंतर मी आणखी एक पाव मागितला. समोरच्या बाकावरचा अनोळखी म्हातारा समाधानाने म्हणाला, "आता लागली बघा चव." गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी उभ्या करून समोर पिळलेलं दूध ग्लासात देतात. तेही प्यायले. फेसाची मिशी घेऊन मी बराच वेळ फिरले असणार, कारण रंकाळ्यावर कणसं भाजणाऱ्या बाईने काही न बोलता मला आपला पदर पुढे केला.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बावड्यात पणत्या लागल्या. मी माडीच्या खिडकीत पुस्तक घेऊन बसले होते. खाली अण्णा गाडीच्या आवाजाची उणीव गळ्याने भरून काढत होते. ते गल्लीच्या एका टोकाला, नाजुका दुसऱ्या टोकाला. "आऽऽ ना-जुऽऽ-काऽऽ." फटाके उडत होते आणि अण्णा त्यांच्या वर चढत होते. नाजुका अधूनमधून दोन पावलं यायची आणि थांबायची. माझं एका पानाचं वाचन त्या संध्याकाळी पूर्ण झालं नाही.

पाडव्याला सकाळी अण्णा गोठ्यातून आले, त्यांनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं, आणि बाहेर फक्त वारा आला.

घसा पार बसला होता. वहिनींनी मध दिला, हळदीचं दूध दिलं, मग शिव्या दिल्या. अण्णा हातांनी काहीतरी सांगत होते, ते आम्हा दोघींनाही कळत होतं: गाडीला आवाज नाही, मालकाला आवाज नाही, म्हैस काय ऐकणार?

तरीही नटवणं थांबलं नाही. अण्णांनी नाजुकाच्या अंगावरचे केस आधीच कातरून पाठीवर वेलबुट्टी काढली होती. आता तिला धुतलं, तेल लावून चकचकीत केलं, शिंगं हिंगुळी रंगवली, त्यांच्या टोकांना मोरपिसं आणि गोंडे लावले, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत घुंगरू. वहिनींनी ओवाळणीचं तबक आणलं आणि आधी म्हशीला ओवाळलं, मग नवऱ्याला. अण्णांनी भुवया उंचावल्या. "आधी कमावत्याला," वहिनी म्हणाल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"बाई, तुम्ही बारडी वाजवायची."

"कुठे?"

"गाडीवर. मी चालवतो. तुम्ही मागं तोंड करून बसायचं आन वाजवायची. बारडीला ती येत्या, तुमच्या खाऊला बी येत्या."

हेच करायला तर मी आले होते, आणि आता ते समोर उभं राहिल्यावर माझ्या तोंडून निघालं, "माझ्याकडे पिशवी आहे."

वहिनींनी माझ्या मांडीवरची पिशवी उचलली, स्कूटरची सीट वर केली, पिशवी आत टाकली आणि सीट खाली आपटली. "डिकी कशाला घेतल्या मग?"

एवढ्या वर्षांचं माझं खातं एका खटक्यात बंद झालं.

दुपारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची भिंत उभी होती. हलगी कडकडत होती आणि हलगीवाल्यांच्या मागे दिसेल तिथे म्हशी होत्या, फुगे बांधलेल्या, गॉगल लावलेल्या, एक तर लुगड्यात. तानाजीची बिजली आमच्या आधी गेली. त्याच्या मोटारसायकलच्या आवाजाने माझ्या छातीतलं पाणी हललं. बिजली उधळली, चौकात दोन पायांवर उभी राहिली, लोकांनी टोप्या उडवल्या. परत येताना तानाजी आमच्या जवळ थांबला. मी स्कूटरवर उलटी बसलेली, मांडीत बारडी, हातात पळी. पडू नये म्हणून वहिनींनी आमच्या दोघींच्या कमरेला मिळून एक जुनी साडी गुंडाळली होती.

"वैनी," तो म्हणाला, "म्हैस ऱ्हाऊ दे, पावण्यांनाच पळवा."

अण्णा पुढे चौकात जाऊन उभे राहिले. नाजुकाला मोकळं सोडलं. वहिनींनी गाडी सोडली, आणि गाडी निघाली हे कुणालाच कळलं नाही. "बंद पडली व्हय?" असं कुणीतरी विचारलं. मी पळी आपटली. ठण्, ठण्. हलगीच्या त्या कल्लोळात मलाच माझी बारडी ऐकू येत नव्हती. आम्ही पुढे सरकत होतो आणि नाजुका तिथेच उभी होती, लहान लहान होत. लोक रस्त्यात उतरायला लागले होते. आमच्या आणि तिच्या मधली जागा भरत चालली होती.

"बाई, वरडा," वहिनी पुढून म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापरा होता. "वरडा की काय बी."

काय ओरडायचं ते मला माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून ताई बाहेर आली.

"दऽऽऽक्ष!"

शाळेच्या मैदानावर सकाळच्या प्रार्थनेला ती द्यायची, तीच लांबलचक, शेवटी तुटणारी आरोळी. ती माझ्या गळ्यात होती हे मला ठाऊक नव्हतं. हलगी थांबली. रस्त्यात उतरलेली माणसं जागच्या जागी ताठ झाली, हात मांड्यांना चिकटले. बंदोबस्ताच्या हवालदाराने टाचा जुळवल्या. मोटारसायकलवर बसलेल्या तानाजीची छातीसुद्धा पुढे आली. या सगळ्यांनी कधी ना कधी शाळेच्या मैदानावर ऊन खाल्लं होतं, आणि ते अंग विसरत नाही. सबंध बावडा गप्प उभा होता. आणि लोकांना गप्प बसवल्यानंतर पुढे काय करायचं, हे मात्र मला चांगलं माहीत आहे. आता ज्याला ऐकायचं आहे त्याला ऐकू द्यायचं.

ठण्, ठण्, ठण्.

लांबवर नाजुकाचे दोन्ही कान पुढे आले.

म्हैस पळते तेव्हा ती कशी दिसते हे रस्त्याच्या कडेचे लोक बाजूने बघतात, आणि मालक तर बघतच नाही, त्याची पाठ असते. समोरून बघण्याचा मान उलट्या बसलेल्या माणसाचा. आधी मोरपिसं मोठी झाली, मग कवड्या, मग ते हिंगुळी शिंगांमधलं रुंद, गंभीर, पूर्णपणे शंकरपाळ्यांचा विचार करणारं तोंड. घुंगरांचा नुसता पाऊस. चाकांचा आवाज नाही, गाडीचा नाही, फक्त तिचा श्वास आणि माझी बारडी. "पळवा, वहिनी, पळवा," मी ओरडत होते. "जवळ आली. आली. अहो, चाटतेय." मी हसत होते आणि ओरडत होते आणि वाजवत होते, आणि लोक आता दक्ष विसरून आमच्याबरोबर कडेने धावत होते.

चौकात अण्णांनी दोन्ही हात वर केले. आवाज नव्हताच. मी बारडी डोक्यावर धरून एकदा शेवटची ठोकली. नाजुका थांबली, फुरफुरली, आणि सगळी काळी, चकचकीत, वेलबुट्टीची नाजुका हळूहळू उभी राहिली, पुढचे पाय हवेत, शिंगांचे गोंडे आभाळात. ती अण्णांच्या हातांकडे बघून उठली की माझ्या बारडीकडे, यावर त्या गल्लीत अजून वाद चालू असेल.

मग गुलाल आला. अण्णा नाजुकाच्या गळ्यात पडून निःशब्द ओरडत होते. कुणीतरी मला साडीतून सोडवलं. मी घाईने गर्दीत बघायला लागले, पायऱ्यांवर, कट्ट्यावर, दुकानांच्या ओट्यांवर. कुणीतरी पिशव्या मांडीत घेऊन हे बघत असणार असं मला पक्कं वाटत होतं. ताईला प्रत्येक गावात तिथे मी दिसत असले पाहिजे. मी बराच वेळ शोधलं. पिशवी डिकीत होती.

तानाजीने येऊन अण्णांच्या खांद्यावर हात टाकला. "अण्णा, मानलं. पर ह्या ताईंना कुठनं आणलं?"

त्या वेळी मी बाजूला सरकले नाही. नाशिकहून, असं सांगायला तोंड उघडलं, तर बाहेर फक्त वारा आला. अण्णांचा आणि माझा घसा आता एकसारखा होता. शैलावहिनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, "लय शांत हाय बघा दिवाळी ह्या वर्षी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तांबडा-पांढरा रस्सा जेवू घातला, घशाला बरा म्हणून. निघताना नाजुकाला मी उरलेली शेवटची मूठ दिली. बाकीची पाडव्याच्या रात्री गल्लीनेच संपवली होती, त्यामुळे सगळे डबे रिकामे झाले होते. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून वहिनींनी प्रत्येकात गुळाचा खडा टाकला, या हंगामातला पहिला, अजून मऊ. "पुढल्या पाडव्याला मोकळं येऊ नका," त्या म्हणाल्या. "डबं घिऊन या."

परतीच्या बसमध्ये मी पुस्तक उघडलं नाही. प्रवासात काय शोधावं असं कुणी विचारलं तर सांगता येईल असं एकच मला सापडलं आहे. देवळं आणि मिसळ तुम्हाला सापडेलच. पण जिथे कुणाचं तरी काहीतरी अडलेलं आहे आणि एक हात कमी पडतोय, तिथे जरा रेंगाळावं. पिशवी कुठे ठेवायची ते तिथली माणसं सांगतात.

घरी पोचून कुलूप काढतेय तोच समोरच्या सुलभावहिनी दारात आल्या. मी त्यांचा डबा त्यांच्या हातात दिला आणि काही बोलायला गेले. निघालं ते खरखरीत कुजबुजणं.

त्यांचे डोळे भरून आले. "अगं, काय हे. रडून रडून आवाज बसवून घेतलास? तरी म्हणत होते, सणासुदीला एकटी जाऊ नको."

मी जोरजोरात मान हलवली. मी ती दुःखाने हलवली असं समजून त्यांनी माझा हात धरला. मग डब्याकडे बघत, काहीतरी साधं बोलावं म्हणून, त्या म्हणाल्या, "शंकरपाळी संपली वाटतं. आवडली का?"

मला हसू आवरेना. वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि सोफ्यावर बसवलं. एवढी मोठी गोष्ट कुजबुजत सांगता येण्यासारखी नव्हती. मग मी न्हाणीघरातून बादली आणली, स्वयंपाकघरातून पळी घेतली, एक खुर्ची त्यांच्यापुढे उलटी टाकून तिच्यावर बसले, आणि अगदी पहिल्या डब्यापासून सांगायला सुरुवात केली.